तीन गाड्यांची एक कंडक्टर

कंडक्टर म्हणजे तिकीट फाडणारा माणूस, अशी बहुतेकांची समजूत असते. माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या सासूबाईंचीही होती. सून दिवसभर गाडीत बसून फिरणार, एवढंच त्यांनी चिपळूणच्या पाहुण्यांना सांगितलेलं. त्यातलं 'बसून' हे काही खरं नव्हतं. सव्वीस वर्षं मी ठाण्यातल्या बसमध्ये नोकरी केली आणि त्यातली बरीचशी उभ्यानेच केली.

तिकीट देणं हे आमच्या कामातलं सगळ्यात सोपं काम. बाकीचं लोकांना दिसत नाही. कंडक्टरला आरटीओचं वेगळं लायसन्स लागतं, छातीवर नंबरचा बिल्ला लागतो, प्रथमोपचाराची परीक्षा द्यावी लागते. गाडी हलवायची की नाही हे ड्रायव्हर ठरवत नाही, कंडक्टर ठरवतो. दोन बेल म्हणजे चल, एक बेल म्हणजे थांब. आणि गाडी मागे घ्यायची असेल तर कंडक्टरने खाली उतरून गाडीच्या मागे उभं राहायचं. तुटक शिट्टी म्हणजे ये, लांब शिट्टी म्हणजे थांब. शिट्टीशिवाय गाडी रिव्हर्स घेणं हा आमच्या नियमांत गुन्हा. बस चाळीस फूट लांब असते. ड्रायव्हरला मागचं तेवढंच दिसतं जेवढं आरसा दाखवतो, आणि आमच्या गाड्यांचे आरसे कधी कधी फक्त आकाश दाखवायचे.

हे सगळं मी कामातून शिकले. कायदा वाचायची वेळ शेवटच्या काही वर्षांत आली.

झालं असं, की एक दिवस साहेबांनी आम्हाला डेपोत बोलावलं. नाव लिहीत नाही, कारण माणूस वाईट नव्हता. त्यांना वरून जे सांगितलं जाई ते खाली उतरवताना ते अर्धं विसरत आणि उरलेलं स्वतः जोडत. ते म्हणाले, माणसं कमी आहेत, निवृत्त झालेल्यांच्या जागा भरायच्या नाहीत असं ठरलंय, तर आता काही मार्गांवर विनावाहक बस सुरू होणार. म्हणजे गाडीत कंडक्टर नाही. स्टेशनच्या स्टॉपवरच तिकीट काढायचं, चढायचं, शेवटच्या स्टॉपला उतरायचं. परतीचं तिकीट लोकांनी मोबाईलवर काढायचं.

कुणीतरी विचारलं, कायद्यात तर टप्प्याटप्प्याने थांबणाऱ्या बसला कंडक्टर लागतो ना? साहेब हसले. त्यांची पूर्ण तयारी होती. म्हणाले, "कंडक्टर लागतोच. तो गाडीच्या आतच पाहिजे असं कुठे लिहिलंय?"

यावर कुणी काही बोललं नाही. एवढा मोठा शोध लागल्यावर माणूस गप्पच होतो.

मग चर्चा झाली की ड्रायव्हरनेच तिकिटं द्यावीत का, सरकारने सूट दिली तर कायद्यात तशीही सोय आहे म्हणे. ड्रायव्हरांनी एका सुरात नाही म्हटलं. तीनहात नाक्याच्या सिग्नलला गिअर टाकू, का सुटे मोजू, असं त्यांचं म्हणणं. साहेबांनी तो विषय लगेच सोडला. अशा रीतीने स्टेशनजवळच्या स्टॉपवर मला एक प्लास्टिकची खुर्ची, एक छत्री आणि तिकिटाचं मशीन मिळालं. बाळकुम, वर्तकनगर आणि घोडबंदर रोडवरची एक, अशा तीन मार्गांची मी एकटी कंडक्टर झाले. तिन्ही गाड्या माझ्यासमोरून जात आणि मी एकीतही नसे.

गाडीच्या पुढच्या काचेवर 'विनावाहक' अशी पाटी होती. आठवड्याभरात ती काढून 'थेट सेवा' अशी लावली. कुणीतरी साहेबांना सांगितलं असावं की आपला गुन्हा आपणच रंगवून गाडीच्या कपाळावर लावायचा नसतो.

खुर्चीवर बसल्यावर मला कळलं की बिल्ला असला तरी गाडीबाहेरच्या कंडक्टरला कुणी कंडक्टर समजत नाही. लोक मला पार्किंगचे पैसे विचारत. एक बाई रोज विचारायची, शौचालयाची चावी तुमच्याकडे असते का. एका गृहस्थांनी तिकीट घेतलं आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही कंडक्टर, मग गाडीत का नाही?" मी म्हटलं, कायद्याने मी गाडीतच आहे. त्यांनी तिकीट नीट बघितलं. त्यावर खरंच छापलेलं होतं, वाहक क्रमांक आणि पुढे माझ्या बिल्ल्याचा नंबर.

या गाड्यांतली बाळकुमची गाडी भोईर चालवायचा. आम्ही अकरा वर्षं एका गाडीवर काढलेली. तो बाळकुमचाच, आगरी. त्याच्या आजोबांची शेती जिथे होती तिथे आता पंचवीस मजल्यांचे टॉवर आहेत, आणि त्यातल्या एका टॉवरच्या फाटकासमोर आमचा शेवटचा स्टॉप. भोईर स्टॉप आला की म्हणायचा, बाई, उतर, माझ्या भाताच्या खाचरात आलो. अकरा वर्षांत त्याने माझ्या बेलशिवाय गाडी हलवली नव्हती. मी दिव्याहून लोकलने येते, कधी कधी नळाला पाणी आलेलं असताना बादल्या तशाच टाकून निघावं लागतं आणि डोकं तापलेलं असतं. तशा दिवशी तो माझ्याशी पहिल्या फेरीत एक शब्द बोलत नसे. दुसऱ्या फेरीला चहा आणायचा. आमची दोस्ती एवढीच, पण पक्की.

विनावाहक गाडी मिळाल्यावर तो एकदा खुर्चीपाशी थांबला. म्हणाला, शेवटच्या स्टॉपला गाडी वळवायला जागा नाही, टॉवरवाल्यांनी भिंत पुढे आणली आहे, रिव्हर्स घेऊनच वळवावी लागते. मागे कोण बघणार? मी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, प्रवासी बघतील, लोकसहभाग. मी भोईरला तसंच सांगितलं. तो हसला. मीही हसले. हे हसणं मला नंतर फार दिवस पुरलं.

तीन महिने काही झालं नाही. मग एका सकाळी, साडेदहाच्या सुमाराला, बाळकुमला गाडी रिव्हर्स घेताना मागे बसलेल्या भाजीवाल्या बाईच्या पायावरून चाक गेलं.

तिचं नाव हिराबाई. साठीची बाई. टॉवर उठायच्या आधीपासून तिथे बसायची. माठ, अळू, शेवग्याच्या शेंगा घेऊन. मी गाडीवर असताना माझ्यासाठी अळूची जुडी बाजूला ठेवायची. पायाचा घोटा चेमटला. गर्दी जमली, काचा फुटल्या, भोईर पळून गेला नाही. त्यानेच तिला रिक्षात घातलं आणि हॉस्पिटलला नेलं. तिथून पोलीस त्याला चौकीवर घेऊन गेले.

मला स्टेशनवर फोन आला. त्या क्षणी मी घोडबंदरच्या गाडीची तिकिटं देत होते. मी मशीन ठेवलं आणि उठले. रांगेतला एक माणूस म्हणाला, ओ मॅडम, लाईन आहे. मी परत बसले आणि उरलेली सात-आठ तिकिटं दिली. ती तिकिटं मी का दिली, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

दुपारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं, स्वतः पाणी दिलं. एवढ्या वर्षांत त्यांनी मला पाणी दिल्याचं तेवढंच आठवतंय. प्रकरण सोपं आहे असं ते म्हणाले. आरटीओ विचारणार, गाडीत कंडक्टर होता का? नव्हता म्हटलं तर गाडी बेकायदा, तीनही मार्ग बेकायदा, परमिट जायची भीती, वरपर्यंत सगळे अडकणार. होता म्हटलं तर प्रश्न मिटला. तिकिटावर नंबर तुमचाच आहे. तेव्हा तुम्ही होतात.

मी म्हटलं, साहेब, मी खुर्चीत होते.

"खुर्ची रेकॉर्डवर नाही," ते म्हणाले. "तुम्ही रेकॉर्डवर आहात."

त्यांनी मजकूर सांगितला. मी गाडीत होते, खाली उतरले, लांब शिट्टी दिली, ड्रायव्हरने ती ऐकली नाही. म्हणजे कंडक्टर होता, त्याने काम केलं, कायदा पाळला गेला. राहता राहिला ड्रायव्हर. भोईरला थोडी शिक्षा होईल, नोकरी जाणार नाही, मी बघतो, असं म्हणाले. आणि उलट लिहिलंत तर मात्र ड्युटीवर असून गाडी सोडल्याचा ठपका तुमच्यावर, पेन्शनला तीन वर्षं राहिलीत, विचार करा.

मी विचार केला. तो पाच मिनिटंही टिकला नाही. माझे मिस्टर तेव्हा घरीच असत, त्यांच्या डायलिसिसला सुरुवात झालेली. मी शिट्टीचं लिहायला तयार झाले नाही, तेवढी हिंमत माझ्यात होती. पण 'मी सदर गाडीची वाहक म्हणून कर्तव्यावर होते' हे एक वाक्य लिहिलं आणि सही केली. मनाला सांगितलं, हे खोटं नाही, तिकिटावर तसंच आहे. अर्धवट खोटं बोलताना माणूस किती काटेकोर होतो!

दुसऱ्या दिवशी भोईर जामिनावर सुटून डेपोत आला, निलंबनाची ऑर्डर घ्यायला. तोवर त्याला माझं वाक्य कळलेलं. डेपोत गोष्टी पोचायला वेळ लागत नाही, गाड्याच तेवढ्या उशिरा पोचतात. तो माझ्यासमोर उभा राहिला. चिडलेला नव्हता. त्याने खरंच विचारलं, समजून घ्यायचं असल्यासारखं.

"बाई, तू गाडीन होतीस, त मला का नाय दिसली?"

 तो ऑर्डर घडी करून खिशात ठेवून निघून गेला.

संध्याकाळी मी हॉस्पिटलमध्ये गेले. जावंसं वाटत नव्हतं. हिराबाईचा पाय उशीवर होता, प्लास्टर गुडघ्यापर्यंत. तिने मला ओळखलं आणि विचारलं, इतके महिने कुठे होतीस, अळू सुकून जायचं. मी सांगितलं, आता आम्ही गाडीत नसतो. तिला ते कळलं नाही. ती ड्रायव्हरला शिव्या देईल असं मला वाटलेलं. पण तिचा सगळा राग स्वतःवर होता. म्हणाली, गाडी मागे येताना रोज मी टोपली सरकवते, अजून कधी चुकले नाही.

"मग त्या दिवशी?" मी विचारलं.

"शिटी नाय आयकली," ती म्हणाली. "म्हनून मी उठली नाय."

तीन महिने गाडी शिट्टीशिवायच मागे येत होती. पण त्या सकाळी ती भाव करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड करून बसलेली, आणि शरीराला वीस वर्षांची सवय होती. शिट्टी नाही म्हणजे गाडी नाही. टॉवरवाल्यांच्या भिंतीला, भोईरच्या आरशाला, साहेबांच्या लोकसहभागाला ती सवय माहीत नव्हती. मला माहीत होती. भोईर खुर्चीपाशी येऊन विचारून गेलेला, तेव्हाही माहीत होती.

मी दिव्याला घरी आले, मिस्टरांना सगळं सांगितलं. ते फारसे बोलत नसत. म्हणाले, सही परत घेता येते का? मी म्हटलं, बहुतेक नाही. ते म्हणाले, मग दुसरी कर.

दुसरी करायला पुरावा लागतो. माझा शब्द मीच कालच्या सहीने मोडलेला होता. पुरावा सापडला तो सबनीस काकांकडे.

सबनीस काकांबद्दल सांगायला हवं. वर्तकनगरला राहणारे, कोर्टातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. रोज सकाळी स्टेशनच्या मार्केटमधून भाजी घेऊन माझ्याकडे तिकीट काढून परत जात. विनावाहक बस सुरू झाली त्या दिवसापासून ते रोज मला शुद्ध मराठीत ऐकवत, "बाई, आपण मला एका बेकायदेशीर वाहनाचे तिकीट देत आहात." मी म्हणायची, मग नका जाऊ. ते म्हणत, "रिक्षावाला वर्तकनगरला येत नाही," आणि चढत. परिवहन सेवेला त्यांनी अर्जांवर अर्ज केले. प्रत्येक अर्जाला एकच उत्तर, आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवला आहे. संबंधित विभागाने तो परत पहिल्याकडे पाठवलेला असे. आम्ही सगळे त्यांना हसायचो. मी सगळ्यांत जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना विचारलं, काका, परवाचं तिकीट फेकलंत का? त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांच्या मुलाबद्दल विचारलं. ते कोणतंही तिकीट फेकत नसत. सगळी वहीत चिकटवलेली होती, अर्जाला जोडण्यासाठी. परवाच्या तिकिटावर माझ्या बिल्ल्याचा नंबर होता, स्टॉप ठाणे स्टेशन, मार्ग वर्तकनगर, आणि वेळ. पोलिसांच्या कागदावर बाळकुमच्या अपघाताची जी वेळ होती, तीच. मिनिटाचाही फरक नव्हता.

काकांनी वेळेवर बोट ठेवून ती पुन्हा वाचली. मग म्हणाले, "म्हणजे आपण एकाच वेळी दोन ठिकाणी होतात." मी म्हटलं, तीन, काका. घोडबंदरची राहिली.

मी दुसरा जबाब लिहून दिला. पहिल्यातलं वाक्य चुकीचं आहे, मी स्टेशनवर खुर्चीत होते, तीन महिने रोज असते, मला त्या स्टॉपवर बसवण्याचा डेपोचा आदेश सोबत जोडला आहे. तो आदेश मी जपून ठेवलेला, कारण खुर्चीची पावती त्याच कागदाच्या मागे होती.

चौकशी पाच महिने चालली. काका साक्षीला आले, इस्त्रीचा शर्ट घालून, वही घेऊन. चौकशी अधिकाऱ्यांनी त्यांना विचारलं, तुम्ही नात्याने कोण लागता? काका म्हणाले, प्रवासी. अधिकाऱ्यांनी तिकीट भिंगातून बघितलं, मला तीन वेळा विचारलं की मशीन दुसऱ्या कुणाला दिलेलं का. भोईर कोपऱ्यात बसलेला. त्याला एकच प्रश्न विचारला, शिट्टीशिवाय गाडी मागे का घेतली? तो म्हणाला, आभाळातून घेतली असती तर बरं झालं असतं, पण बसला पंख नसतात. ते लिहून घेतलं नाही.

निकाल असा लागला: तिकीट यंत्रात तांत्रिक दोष होता, त्यामुळे वाहक एकाहून अधिक वाहनांवर दिसून आली. दोष दुरुस्त करण्यात आला आहे. चालकाला वाहक उपलब्ध नव्हता, सबब निलंबन मागे. वाहकाने दोन वेगवेगळे जबाब दिले, सबब सक्त ताकीद. साहेबांचं नाव निकालात कुठेच नव्हतं. गाडी विनावाहक होती हा शब्दही नव्हता. सगळा गुन्हा मशीनने केलेला, आणि मशीन दुरुस्त झालेलं.

ताकीद मी घेतली. ती मला मिळायलाच हवी होती, फक्त ती पहिल्या जबाबासाठी हवी होती, त्यांनी दिली दुसऱ्यासाठी.

भोईर परत आला, पण रस्त्यावरची गाडी त्याने मागितली नाही. डेपोच्या आवारात धुवायच्या गाड्या पुढे-मागे करायचं काम घेतलं. मी एकदा चहा घेऊन गेले. त्याने घेतला. आम्ही आधीसारखे बोलायला लागलो असं म्हणणार नाही. पण तो एवढं म्हणाला, पोरीचं लग्न ठरलंय, बाई, यायला पायजे. मी गेलेले. हिराबाईला काहीतरी भरपाई मिळाली. ती आता घरीच असते, भाजी सून विकते, स्टॉपपासून लांब, पलीकडच्या फुटपाथवर.

आणि कायद्याचं काय झालं? कायदा जिंकला. महिन्याभरात आदेश निघाला की प्रत्येक बसमध्ये वाहक असणं बंधनकारक आहे. जणू कायदा कालच जन्मला. मात्र माणसं भरायची नव्हतीच, म्हणून वाहक ठेकेदाराकडून घ्यायचे ठरले. ठेकेदाराच्या वकिलाने कायदा आमच्यापेक्षा नीट वाचलेला. त्यात एक सवलत सापडली: एक महिन्यापर्यंत कामावर घेतलेल्या माणसाला कंडक्टरच्या लायसन्सची अट शिथिल करता येते. त्यामुळे दर महिन्याला नवी तुकडी येई. लायसन्स नाही, बिल्ला नाही, प्रथमोपचार नाही. त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. महिन्याच्या शेवटी त्यांना बेल कुठे असते ते कळे, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची जागा दुसरे घेत. त्यांतली एक बाई, कल्याणहून यायची, नवऱ्याचं दुकान बंद पडलेलं. खरोखर चांगली. गर्दीत म्हाताऱ्या माणसाला कसं चढवायचं हे तिला शिकवावं लागलं नाही. मी साहेबांना म्हटलं, हिला ठेवा, लायसन्स काढून देऊ. साहेब म्हणाले, ठेवलं तर कायदा मोडेल, तिचा महिना भरलाय.

सबनीस काकांनी यावरही अर्ज केला. तो संबंधित विभागाकडे आहे.

मी निवृत्त झाले त्या दिवशी डेपोत छोटा कार्यक्रम होता. शाल, नारळ, पेढे. भोईर येऊन मागे उभा राहिला. साहेबांनी भाषण केलं, माझ्या शिस्तीचं कौतुक केलं. मग ऑफिसात एक फॉर्म भरायला दिला. कार्यभार सोपवल्याचा. देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, दोन्हीखाली सही. माझी जागा रद्द झालेली, ती घेणारं कुणी नव्हतं. मी दुसरा रकाना रिकामा ठेवला. क्लार्क म्हणाला, असा फॉर्म वर जात नाही, परत येतो, तुमची पेन्शन अडकेल. आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. साहेबांनी चष्मा वर केला, थोडा विचार केला आणि सांगितलं, तुमचंच लिहा.

मी लिहिलं. सुलोचना कांबळे यांजकडून सुलोचना कांबळे यांजकडे. दोन्ही ठिकाणी सही केली. साहेबांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला, काही चुकलं नाही ना ते पाहिलं आणि शिक्का मारला.